झिजलेले रबर आणि हिंसेचा हिशेब

टायर झिजते म्हणजे त्यातले रबर कुठेतरी जाते. मोटारीचे एक टायर नव्याचे गुळगुळीत होईपर्यंत साधारण किलो-दीड किलोने हलके होते, ट्रकचे त्याहून बरेच जास्त. घटलेले हे वजन काळ्या बारीक कणांच्या रूपाने रस्त्यावर, गटारात, कडेच्या शेतात आणि थोडेसे हवेत उतरते. जगभरात दरवर्षी सुमारे ६० लाख टन रबर असे झिजून मातीत, पाण्यात आणि हवेत मिसळत असावे, असा अंदाज नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. धुराड्यातला धूर डोळ्यांना दिसतो, नाकाला झोंबतो आणि त्यासाठी पीयूसी काढावी लागते. टायरच्या झिजेला यांपैकी काहीच लागू नाही. विजेवरच्या गाडीला धुराडे नसते, पण बॅटरीमुळे ती जड असते आणि टायर तिचेही झिजते.

या झिजेतून धर्मविचारातला एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. कोणाला इजा करण्याचा हेतू नसताना, केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याने जी इजा होते, तिला हिंसा म्हणायचे का? आणि म्हणायचे तर ती कोणाच्या खात्यावर मांडायची? भारतात हा प्रश्न टायर जन्माला येण्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी विचारला गेला, तोही चालण्याच्याच संदर्भात.

यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला ठोस रूप मिळते. जिल्ह्याचा बहुतेक कारभार रबरावर चालतो. कापसासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेली यवतमाळ–मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, आता बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब एवढा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात कापूस, सोयाबीन, खत, सिमेंट, माणसे सारे रस्त्यानेच गेले. नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो. नागपूरहून नांदेडकडे उतरणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा जिल्ह्याचा उभा छेद घेतो. वणीच्या कोळसा खाणींतून भरलेले ट्रक वेगळेच. हवा सुधारण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला आहेत, यवतमाळ नाही. तेवढ्याने यवतमाळची हवा स्वच्छ ठरत नाही. ती त्या यादीच्या नजरेबाहेर राहते, एवढेच.

रबर या भागात आले ते एका अर्थाने दया म्हणून आले, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असे. लोहार ती भट्टीत लाल करून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. खडकाळ पांदणीतून भरलेली बंडी निघाली की धावेचा प्रत्येक आदळा जुवातून बैलाच्या खांद्यावर जाई. हवा भरलेल्या टायरची बंडी आली तेव्हा ओढ हलकी झाली आणि तेवढ्याच बैलांना जास्त माल सोसू लागला. मुक्या जनावराचा त्रास कमी करणारी वस्तू माणसाच्या आणि माशाच्या शरीरात विष सोडील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. हिंसेचा विचार करताना हा क्रम विसरून चालत नाही, कारण आजची अनेक विषे कालची उपकारक साधने होती.

टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टणक करण्याची रीत शोधली. रस्त्याकडेच्या दुकानांवर आजही ‘व्हल्कनायझिंग’ अशी पाटी दिसते, ती याच प्रक्रियेची. नैसर्गिक आणि कृत्रिम रबराच्या मिश्रणात काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक भरपूर असते, म्हणून टायर काळे. त्यात झिंक ऑक्साइड असते, खनिज तेले असतात, गंधकाची क्रिया वेगाने घडवणारी बेंझोथायाझोल गटातील द्रव्ये असतात. शिवाय टायर उन्हात-वाऱ्यात तडकू नये म्हणून घातलेले एक रसायन असते, त्याचे नाव ६पीपीडी. त्याचे काम मोठे विलक्षण आहे. हवेतला ओझोन रबरावर हल्ला करतो, त्याआधी हे द्रव्य हळूहळू टायरच्या पृष्ठभागावर येते आणि ओझोनचा मारा स्वतःवर घेते. ते स्वतः बदलते आणि रबर वाचते.

ते बदलून काय होते, हे डिसेंबर २०२० पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटल परिसरातल्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे समुद्रातून अंडी घालायला परत येत आणि पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. काही ओढ्यांत निम्म्याहून अधिक मासे असे जात. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी वर्षानुवर्षे या मृत्यूंचा माग काढला. रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यातली शेकडो रसायने एकेक करून वगळत ते शेवटी एका रेणूपाशी आले. तो रेणू ६पीपीडी आणि ओझोन यांच्या संयोगातून तयार होणारे ६पीपीडी-क्विनोन होता. लीटरभर पाण्यात एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा असला तरी अर्धे कोहो मरतात, असे पुढच्या मोजमापात दिसले. त्याच पाण्यातला चम जातीचा सामन मात्र सुखरूप राहतो. विष एकच, ओढा एकच, आणि इजा कोणाला होणार हे शरीराच्या जातीवर ठरते.

माणसाच्या बाबतीत काय सिद्ध झाले आहे आणि काय नाही, यांची सरमिसळ होता कामा नये. टायरच्या झिजेतले बहुतेक कण जाड असतात आणि रस्त्यालगतच पडतात. श्वासातून आत जाण्याइतके बारीक कण वजनाच्या मानाने थोडे असतात, पण गाड्यांच्या वाऱ्याने आणि झाडूने पडलेली धूळ पुन्हापुन्हा उठते. अडीच मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. अशा कणांमुळे हृदयविकार, पक्षाघात, दमा आणि फुप्फुसाचा कर्करोग वाढतो, याबद्दल वैद्यकात आता दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला २०१३ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. रबराच्या कारखान्यातील कामातून होणाऱ्या संपर्कालाही याच गटात स्थान आहे. ६पीपीडी-क्विनोन चीनमधील शहरांच्या सूक्ष्म धुळीत आणि माणसांच्या मूत्रात आढळले आहे. पण रस्त्याकडेला राहणाऱ्या एखाद्या माणसाचा अमुक आजार टायरच्या कणांमुळेच झाला, असे बोट दाखवता येत नाही. कोळसा, डिझेल, चूल, पेटवलेला पाचोळा, ब्रेकची धूळ आणि टायर यांचे कण एकाच श्वासात जातात. कर्ता अनेकांत विभागलेला आहे आणि बळीही ओळखता येत नाही. नीतीचा प्रश्न इथेच अवघड होतो.

मज्झिम निकायातील उपालीसुत्तात या अवघड जागेवरच वाद झाला आहे. नालंद्याला निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, यांचा उपाली नावाचा श्रीमंत गृहस्थ अनुयायी बुद्धाशी वाद घालायला जातो. वादाचा विषय असा की पापकर्मात देहाने केलेले कृत्य जड की मनाने केलेले. उपालीचे म्हणणे, देहाचे कृत्य जड. तेव्हा बुद्ध त्याला एक साधे उदाहरण देतो. संयमाने राहणारा एखादा निगंठ मुनी येता-जाता पायाखाली बारीक जीव चिरडतो, त्याचे फळ तुझे गुरू काय सांगतात? उपाली उत्तरतो की हेतू नसेल तर दोष मोठा नाही. मग हेतूच जड ठरला, असा बुद्धाचा निष्कर्ष. सुत्त बौद्धांनी लिहिले असल्यामुळे त्यात उपाली हरतो आणि बुद्धाचा उपासक होतो, यात नवल नाही. जैन बाजूने याची परतफेड झालीच. सूत्रकृतांगात बौद्ध मताची थट्टा आहे. हेतूवर सारे तोलायचे, तर माणसाला पेंडीचा गोळा समजून भाजणाराही निर्दोष ठरेल, असा तिथला रोख आहे.

दोन्ही बाजूंच्या या टोमण्यांत बरेच तथ्य आहे. नुसता हेतू पाहिला तर यवतमाळच्या बसस्थानक चौकातून जाणारा एकही वाहनचालक दोषी नाही. सगळ्यांना कुठेतरी पोचायचे आहे, कोणालाही कोणाची फुप्फुसे खराब करायची नाहीत. नुसते कृत्य पाहिले तर सगळेच दोषी, अगदी दवाखान्यात रुग्ण पोचवणारी रुग्णवाहिकासुद्धा. एका मापाने दोष शून्य होतो आणि दुसऱ्याने इतका सर्वव्यापी होतो की त्याला काही अर्थ उरत नाही.

जैन आचार्यांनी यातून जी वाट काढली ती थट्टेपेक्षा फार खोल आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाला प्रमादाची जोड दिली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, जागे नसणे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हेच पुढे नेले. जीव मरो वा जगो, जो जपून वागत नाही त्याच्याकडून हिंसा घडलीच. जो जपून वागतो त्याच्याकडून चुकून जीव गेला तरी केवळ तेवढ्याने त्याला कर्मबंध नाही. त्यामुळे मुनीने चालताना पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. सामायिकाला बसण्यापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या ईर्यापथिकी पाठात जाण्यायेण्यात दुखावलेल्या, तुडवलेल्या, ढकलल्या गेलेल्या जीवांची क्षमा मागितली जाते. प्रवासाने होणाऱ्या हिंसेसाठी स्वतंत्र प्रार्थना असलेला धर्म जगात विरळाच.

जैन दर्शनात एक गोष्ट आणखी आहे आणि हवेच्या प्रश्नात तिला मोल आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वनस्पती यांच्याप्रमाणे वायूही सजीव मानला आहे; वायुकाय जीव म्हणजे ज्यांचे शरीरच हवा. स्थानकवासी साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात ती स्वतःच्या रक्षणासाठी नव्हे, बोलताना निघणाऱ्या उष्ण श्वासाने हवेतल्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. आधुनिक शास्त्र हवेला सजीव मानत नाही, आणि मानावे असा आग्रहही येथे नाही. पण हवेकडे पाहण्याची ही रीत एका अडचणीतून सोडवते. एरवी हवा ही कोणाचीच नसलेली रिकामी जागा ठरते आणि तिच्यात काय सोडले याचा जाब विचारायला कोणी उरत नाही. यात विरोधाभास असा की वाहनात न बसण्याचे व्रत पाळून महामार्गाच्या कडेने विहार करणाऱ्या साध्वी टायरची धूळ गाडीत काचा लावून बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त ओढतात. जो कमी हिंसा करतो तोच जास्त सोसतो.

प्रमादाची कसोटी टायरला लावली की काळाचा प्रश्न येतो. जे ठाऊकच नव्हते त्याबद्दल बेसावध म्हणता येईल का? डिसेंबर २०२० पूर्वी ६पीपीडी वापरणारा कारखानदार, रस्ता बांधणारा अभियंता, गाडी हाकणारा माणूस यांपैकी कोणालाच क्विनोनबद्दल प्रमादी म्हणणे न्याय्य होणार नाही. त्यानंतर मात्र स्थिती बदलते. ज्ञान वाढले की जपण्याची हद्दही वाढते. चार हात जमीन न्याहाळण्याची आज्ञा सूक्ष्मदर्शकाच्या काळात चार हातांवर थांबू शकत नाही. शिवाय कळण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. रेणूचे नाव माहीत असणे ज्याचा पेशा आहे, त्याची सावधगिरी आणि टमटम चालवून घर चालवणाऱ्याची सावधगिरी एका मापाने मोजणे हाच एक प्रमाद होईल.

याबाबतीत यवतमाळने २०१७ मध्ये फार महाग धडा घेतला. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो कास्तकार आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा पुरेनात. पऱ्हाटी त्या हंगामात डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप अडकवून नळी वर धरली की फवाऱ्याचे तुषार वाऱ्याबरोबर तोंडावर, डोळ्यांत, श्वासात परत येत. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवली होती. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेंथियुरॉन ही नावे त्या काळात गावोगाव पोचली. हातमोजे, चष्मा, मुखवटा वापरला नाही म्हणून असे झाले, हा युक्तिवाद लगेच पुढे आला. विदर्भाच्या दमट सप्टेंबरात, रोजंदारीवर, ओल्या मातीत पाय रुतत असताना प्लास्टिकचा पोशाख घालून दिवसभर फवारणी करता येते का, हा प्रश्न युक्तिवाद करणाऱ्यांना पडला नाही. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र, मग पिवळा, निळा आणि हिरवा. सूचना छापलेल्या होत्या, पण ज्या हातांनी बाटली उघडली त्यांतल्या अनेकांना ते बारीक अक्षर वाचणेच शक्य नव्हते.

या घटनेत टायरच्या मानाने एक गोष्ट सोपी होती. फवारणारा, विष आणि मृत्यू तिन्ही एकाच शेतात होते. तरीही दोष कोणाचा हे ठरवताना मजूर, कास्तकार, कृषी केंद्र, कंपनी आणि सरकार यांच्यात चेंडू फिरत राहिला. टायरच्या बाबतीत फिरवायला चेंडूही नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर बोट फिरवून पाहिले तर अक्षरे उठावदार लागतात. आकार असतो, किती भार झेपेल ते असते, आयएसआयचे चिन्ह असते, कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात घडवले हे सांगणारे चार आकडे असतात. आत कोणते रसायन आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. रंगीत त्रिकोण तर दूरच राहिला.

पुण्यपापाच्या वाटणीचा विचार धर्मशास्त्रातही आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राण्याच्या वधाचे वाटेकरी सांगताना संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांना घातक म्हटले आहे. हा ग्रंथ माणसामाणसांत जे भेद करतो त्यामुळे १९२७ मध्ये महाडला त्याचे दहन झाले आणि ते योग्यच होते. पण वाटेकऱ्यांची ही साखळी मात्र आजच्या पुरवठा साखळीला चपखल बसते. तिच्यात कोणी एकटा सुटत नाही आणि कोणा एकट्यावर सारे ढकलताही येत नाही. तिची उणीव एवढीच की ती सर्वांना एकाच शब्दात घातक म्हणते, वाटा कमी-जास्त सांगत नाही.

याच ग्रंथातली पंचसूनांची कल्पना अधिक उपयोगी आहे. गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांच्या रोजच्या वापरात जीव मरतातच, टाळता येत नाहीत. म्हणून रोज पाच महायज्ञ करायचे. अध्ययन, पितरांचे तर्पण, होम, भूतमात्रांना बळी म्हणजे भूतयज्ञ आणि अतिथीचा सत्कार म्हणजे नृयज्ञ. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की ती गृहस्थाला खुनी म्हणत नाही आणि निष्पापही म्हणत नाही. जगण्यासाठी जी इजा होते ती रोजच्या कर्जासारखी नोंदायची आणि रोज फेडत राहायचे. संन्याशाचा मार्ग टाळण्याचा, गृहस्थाचा फेडण्याचा. टायर हे सहावे वधस्थान मानले तर ते या यादीत सहज बसते.

पण केरसुणीपाशी येताच या कल्पनेतली भेग दिसते. घरातली केरसुणी गृहस्थाच्या खात्यावर मुंग्यांचा वध मांडते. रस्त्यावरचा झाडू मात्र झाडणाऱ्याच्याच छातीत धूळ भरतो. सकाळी दुकाने उघडण्याआधी सफाई कामगार यवतमाळच्या मुख्य रस्त्यांच्या कडा झाडतात. दुभाजकाला चिकटून काळसर मऊ गाळ साठलेला असतो, बोटाला लावला तर चिकट काजळीसारखा. त्यात माती, डांबर, ब्रेकची धूळ आणि रबर यांचे मिश्रण असते. कोरड्या झाडूने तो हलवला की तोंडाच्या उंचीवर तरंगत राहतो. ही माणसे कोण असतात, त्यांच्याकडे पिढ्यानुपिढ्या हेच काम का आले, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. पंचमहायज्ञांत देव आहेत, पितर आहेत, पाहुणा आहे, कावळ्या-कुत्र्यांचा घास आहे. पण आपल्या वाटची धूळ जो झाडतो त्याचे देणे त्यात नाही. ज्याला इजा झाली त्यालाच फेड पोचली पाहिजे, ही अट जुन्या कल्पनेला घातल्याशिवाय ती आज वापरता येणार नाही. ओल्या पद्धतीने झाडणे, यंत्राने धूळ ओढून घेणे, झाडणाऱ्याला खरा उपयोगी मुखवटा देणे, त्याची फुप्फुसे वर्षाकाठी तपासणे ही या काळातली भूतयज्ञाची आणि नृयज्ञाची साधी रूपे ठरतात.

एकेकाचा वाटा इतका सूक्ष्म असताना दोष कसा मानायचा, हा आक्षेप पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही गाजला. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट याने १९८४ मधील आपल्या ग्रंथात कल्पना मांडली आहे की हजार छळकर्ते हजार बंदिवानांना असे छळतात की प्रत्येकाने एकदा बटण दाबल्याने कोणाही बंदिवानाची वेदना जाणवण्याइतकी वाढत नाही, पण सगळ्यांनी बटण दाबले की ती असह्य होते. ‘माझ्या एकट्याने काय फरक पडतो’ हे उत्तर तिथे टिकत नाही, कारण हजारही तेच म्हणू शकतात. टायरच्या बाबतीत फरक एवढाच की छळकर्ता आणि बंदिवान अनेकदा एकच माणूस असतो. रास्ता रोकोत रस्त्याच्या मधोमध जुने टायर पेटवणारे आंदोलकही यातच येतात. कापसाच्या भावासाठी जळणारे टायर हवेत बेंझीन, स्टायरीन आणि कर्करोगकारक पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन सोडते, आणि ते सर्वांत आधी त्याच कास्तकाराच्या छातीत जाते. मागणी न्याय्य असेल, धूर त्याने न्याय्य होत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९३० च्या दशकात या प्रश्नाला सरळ हात घातला होता. वस्तू घेणारा तिच्या निर्मितीत घडलेल्या अन्यायाचा वाटेकरी होतो, असे त्यांचे मत होते. आपल्या व्यवहाराचे सारे परिणाम सांभाळता येत नसतील तर व्यवहाराचे वर्तुळच आपल्या नजरेच्या टप्प्यात आणावे, हा त्यांचा उपाय. शेजारच्या पवनारचे विनोबा तेरा वर्षे देशभर पायी फिरले, तेही याच वळणाचे उत्तर होते. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, पण वणीहून नागपूरच्या दवाखान्यात डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला ते देता येत नाही. वर्तुळ आक्रसण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते, आणि ज्यांची नसते त्यांना ती शिकवण टोचणीसारखी लागते.

या सर्व विचारांत आजच्या परिस्थितीला सर्वांत जवळचे ठरते ते बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले विवेचन. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रकाशित झाला. त्यात त्यांनी म्हटले आहे की बुद्धाने अहिंसा नियम म्हणून सांगितली नाही, तत्त्व म्हणून सांगितली. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने भेद केला, आणि केवळ इच्छेपोटी होणारी हिंसा निषिद्ध मानली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यावर कोणी म्हणेल की गरजेच्या नावाखाली काहीही खपवता येईल. खरे तर या भेदाने काम वाढते. गरज आहे असे म्हणणाऱ्याला ती दाखवून द्यावी लागते.

६पीपीडीची गरज खोटी नाही. ते काढून टाकले आणि त्या जागी काही घातले नाही तर ओझोनने टायरच्या बाजू तडकतात, आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापलेल्या महामार्गावर भरलेल्या ट्रकचे तडकलेले टायर फुटले तर माणसे तिथल्या तिथे मरतात. एका बाजूला दिसणारा अपघाती मृत्यू, दुसऱ्या बाजूला न दिसणारी झीज. घाईने दुसरे रसायन घालणे हेही उत्तर नाही, कारण याच कुळातली इतर द्रव्येही ओझोनशी संयोग पावून आपापली क्विनोन तयार करतात आणि त्यांतली प्रत्येक किती घातक आहे याचा तपास पुरा झालेला नाही. त्यामुळे गरज सिद्ध करण्याची पद्धत कोणती, हा नीतीचा आणि कायद्याचा एकत्र प्रश्न होतो. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ पासून ६पीपीडी असलेल्या टायरांना विशेष तपासणीच्या यादीत घातले. तिथे विकायचे असेल तर उत्पादकाने पर्याय शोधून, तपासून, त्यांची तुलना शासनापुढे मांडली पाहिजे. सामन ज्यांच्या अन्नात आणि विधींत शतकानुशतके आहे त्या युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम या मूळनिवासी जमातींनी त्याच वर्षी अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे याचिका केली आणि संस्थेने ती दाखल करून घेतली. युरोपीय संघाने २०२४ च्या युरो ७ नियमांत धुराड्याबरोबर ब्रेकच्या कणांनाही मर्यादा घातली आणि टायर किती झिजावे याची मर्यादा ठरवण्याची तरतूद केली.

भारतात हवेच्या गुणवत्तेची २००९ ची मानके सूक्ष्म कणांचे वजन मोजतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून लहान कण, यांसाठी वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ मायक्रोग्रॅमची. कण कोळशाचा की रबराचा, हे ते माप विचारत नाही. टाकाऊ टायर गोळा करून विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम जुलै २०२२ मध्ये आले, म्हणजे टायर मेल्यावरचा हिशेब सुरू झाला. ते जिवंत असताना, पांढरकवड्याच्या महामार्गावर किंवा आर्णी रस्त्यावर दर किलोमीटरला जे सांडते, त्याची गरज कोणी कोणापुढे सिद्ध करायची, याची तरतूद या दोन्ही चौकटींत नाही.